युरेनियम खाणींच्या परिसरातील पिण्याच्या पाण्याची तपासणी

युरेनियम खाणींच्या परिसरातील पिण्याच्या पाण्याची तपासणी म्हणजे युरेनियमच्या खाणी, धातुक शुद्धीकरण कारखाने आणि टाकाऊ गाळाचे तलाव यांच्या आसपासच्या विहिरी, विंधन विहिरी, झरे, ओढे व नद्या यांतील पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील किरणोत्सारी व रासायनिक घटकांचे प्रमाण मोजणे आणि ते पिण्याच्या पाण्याच्या मानकांशी ताडून पाहणे होय. अशा पाण्यात युरेनियमबरोबरच रेडियम, पोलोनियम, सल्फेट, मँगनीज, आर्सेनिक इत्यादी घटक आढळू शकतात. त्यामुळे केवळ युरेनियमचे प्रमाण मर्यादेत आहे, एवढ्यावरून पाणी पिण्यास योग्य ठरत नाही. कोणता घटक मोजला, नमुना कोठून व कोणत्या ऋतूत घेतला आणि निकाल कोणत्या मानकाशी ताडला, यांवर तपासणीचा निष्कर्ष अवलंबून असतो. भारतातील जादूगुडा आणि अमेरिकेतील नवाहो प्रदेश ही या विषयाची दोन प्रमुख उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी

नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३८ (सुमारे ९९.२७ टक्के), युरेनियम-२३५ (सुमारे ०.७२ टक्के) आणि अत्यल्प प्रमाणात युरेनियम-२३४ हे समस्थानिक असतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. त्याच्या क्षयातून थोरियम-२३०, रेडियम-२२६, रेडॉन-२२२, शिसे-२१० आणि पोलोनियम-२१० अशी किरणोत्सारी मूलद्रव्यांची साखळी तयार होते. जमिनीत अबाधित राहिलेल्या धातुकात ही सर्व मूलद्रव्ये एकत्र असतात.

धातुकातून युरेनियम काढून घेतल्यावर साखळीतील बाकीची बहुतेक मूलद्रव्ये टाकाऊ गाळातच राहतात. मूळ धातुकातील सुमारे ८५ टक्के किरणोत्सार या गाळात शिल्लक असतो. थोरियम-२३० चे अर्धायुष्य सुमारे ७५,००० वर्षे आणि रेडियम-२२६ चे सुमारे १,६०० वर्षे असल्याने खाण बंद झाल्यानंतरही गाळाच्या तलावाभोवतीच्या पाण्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

पाणी दूषित होण्याची प्रक्रिया

जमिनीखाली, प्राणवायूचा संपर्क नसलेल्या अवस्थेत युरेनियम बहुधा चतुःसंयुजी रूपात असते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. खोदकामामुळे धातुक हवेच्या व पाण्याच्या संपर्कात आले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन षट्‌संयुजी युरेनिल आयन तयार होतो. हा आयन पाण्यात सहज विरघळतो. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असल्यास युरेनिल कार्बोनेटची स्थिर संयुगे तयार होतात आणि युरेनियम भूजलाबरोबर दूरवर जाऊ शकते. धातुकात पायराइट असल्यास त्याच्या ऑक्सिडीकरणातून गंधकाम्ल तयार होते व पाणी आम्लधर्मी होते. अशा पाण्यात युरेनियमखेरीज लोह, मँगनीज, निकेल व इतर धातूही विरघळतात.

दूषितीकरणाचे मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे आहेत :

• खाणीत साचलेले व पंपाने बाहेर काढलेले पाणी
• उघड्यावर रचलेल्या दगड-मातीच्या ढिगांवरून वाहणारे पावसाचे पाणी
• टाकाऊ गाळाच्या तलावाच्या तळातून होणारा झिरपा
• गाळ वाहून नेणाऱ्या नळ्यांची गळती, बांध फुटणे किंवा अतिवृष्टीत तलाव ओसंडणे

शुद्धीकरणाच्या पद्धतीवर सांडपाण्याचे स्वरूप अवलंबून असते. गंधकाम्ल वापरणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात सल्फेट व मँगनीज जास्त असते. आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्ली येथे धातुक चुनखडीयुक्त खडकात असल्याने आम्लाऐवजी अल्कधर्मी कार्बोनेट वापरले जाते. तेथे सोडियम, बायकार्बोनेट आणि एकूण विरघळलेले क्षार यांच्या तपासणीला अधिक महत्त्व असते. त्यामुळे सर्व खाणींसाठी घटकांची एकच यादी पुरेशी ठरत नाही.

आरोग्यावरील परिणाम

पिण्याच्या पाण्यातील युरेनियमचा मुख्य धोका किरणोत्सारापेक्षा त्याच्या रासायनिक विषारीपणामुळे असतो. पोटात गेलेल्या युरेनियमपैकी अल्प भागच रक्तात शोषला जातो. त्यातील बराचसा मूत्रावाटे बाहेर पडतो, मात्र बाहेर पडताना मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करू शकतो.

रेडियम-२२६ चे रासायनिक वर्तन कॅल्शियमसारखे असल्याने ते हाडांत साठते व तेथे दीर्घकाळ अल्फा कण उत्सर्जित करते. पोलोनियम-२१० व शिसे-२१० यांच्या बाबतीतही किरणोत्सार हाच मुख्य धोका असतो. म्हणूनच मानकांमध्ये युरेनियमची मर्यादा वस्तुमानाच्या एककात (मायक्रोग्रॅम प्रति लिटर), तर रेडियम व इतरांची मर्यादा किरणोत्साराच्या एककात (बेकरेल प्रति लिटर) दिली जाते. १ बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणुकेंद्रकाचा क्षय होय.

पिण्याच्या पाण्याची मानके

जागतिक आरोग्य संघटनेने युरेनियमसाठी सुचविलेले मार्गदर्शक मूल्य काळानुसार बदलत गेले आहे. १९९८ मध्ये ते २ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होते. २००४ मध्ये ते १५ आणि २०११ मध्ये ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर करण्यात आले. मानवी आरोग्यावरील परिणामांबाबत शास्त्रीय अनिश्चितता असल्याने हे मूल्य तात्पुरते मानले जाते. एखादा जुना अहवाल वाचताना तो कोणत्या वर्षीच्या मूल्याशी ताडलेला आहे हे पाहणे आवश्यक ठरते. २० मायक्रोग्रॅम युरेनियम असलेले पाणी २००४ च्या मूल्यानुसार अयोग्य, तर २०११ च्या मूल्यानुसार योग्य ठरते.

युरेनियमच्या काही प्रमुख मर्यादा (मायक्रोग्रॅम प्रति लिटर) :

• जागतिक आरोग्य संघटना : ३०
• भारतीय मानक ब्युरो : ३० (०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर)
• अणुऊर्जा नियामक मंडळ, भारत (२००४) : ६०
• अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था : ३०
• कॅनडा : २०
• जर्मनी : १०

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरविलेली ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा किरणोत्साराच्या निकषावर आधारलेली होती. पुढे भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा समाविष्ट केली. ३० ते ६० मायक्रोग्रॅम यांदरम्यानचा निकाल असल्यास तो कोणत्या मर्यादेशी ताडला आहे हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असणे महत्त्वाचे असते.

आयएस १०५०० नुसार पाण्यातील एकूण अल्फा उत्सर्जन ०.१ बेकरेल प्रति लिटर व एकूण बीटा उत्सर्जन १ बेकरेल प्रति लिटर यापेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक चाळणीची मूल्ये अनुक्रमे ०.५ व १ बेकरेल प्रति लिटर आहेत. या मूल्यांपेक्षा अधिक उत्सर्जन आढळल्यास पाणी लगेच अपायकारक ठरत नाही, परंतु कोणत्या मूलद्रव्यामुळे ते वाढले याचा शोध घ्यावा लागतो. अशा पुढील तपासणीसाठी संघटनेने रेडियम-२२६ करिता १ बेकरेल, तर रेडियम-२२८, शिसे-२१० व पोलोनियम-२१० यांच्याकरिता प्रत्येकी ०.१ बेकरेल प्रति लिटर अशी मार्गदर्शक पातळी दिली आहे. अमेरिकेत रेडियम-२२६ व रेडियम-२२८ यांची एकत्रित मर्यादा ५ पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे सुमारे ०.१८५ बेकरेल प्रति लिटर आहे.

आयएस १०५०० मधील इतर मर्यादांपैकी खाण परिसरात पुढील मर्यादा विशेष उपयोगी पडतात : सामू ६.५ ते ८.५, सल्फेट २०० मिलिग्रॅम प्रति लिटर (पर्यायी स्रोत नसल्यास ४००), मँगनीज ०.१ (पर्यायी स्रोत नसल्यास ०.३), एकूण विरघळलेले क्षार ५०० (पर्यायी स्रोत नसल्यास २,०००), सेलेनियम ०.०१, मॉलिब्डेनम ०.०७, नायट्रेट ४५. किरणोत्सारी घटकांच्या मर्यादेत पर्यायी स्रोत नसला तरी सवलत दिलेली नाही.

मानकांमधील परस्परसंबंध

युरेनियमची मर्यादा आणि एकूण अल्फा उत्सर्जनाची मर्यादा या एकमेकींशी जुळत नाहीत. युरेनियम-२३८ व युरेनियम-२३४ समतोलात असल्यास १ मायक्रोग्रॅम नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सार सुमारे ०.०२५ बेकरेल असतो. त्यामुळे ३० मायक्रोग्रॅम युरेनियम असलेल्या एक लिटर पाण्यात केवळ युरेनियममुळेच सुमारे ०.७५ बेकरेल अल्फा उत्सर्जन होते. असे पाणी युरेनियमच्या मर्यादेत बसते, पण ०.१ बेकरेलची अल्फा मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडते. ती मर्यादा गाठण्यास सुमारे ४ मायक्रोग्रॅम युरेनियम पुरेसे असते. अमेरिकेतील एकूण अल्फा मर्यादेतून (१५ पिकोक्युरी प्रति लिटर) युरेनियम व रेडॉन वगळलेले असल्याने तेथे ही अडचण उद्भवत नाही.

याउलट, केवळ युरेनियम मोजल्यास अधिक घातक घटक नजरेतून सुटू शकतात. प्रौढ व्यक्ती दररोज २ लिटर, म्हणजे वर्षाला ७३० लिटर पाणी पिते असे धरल्यास ३० मायक्रोग्रॅम युरेनियममुळे मिळणारी वार्षिक प्रारण मात्रा सुमारे ०.०२५ मिलिसिव्हर्ट येते. पाण्यात ०.१ बेकरेल प्रति लिटर पोलोनियम-२१० असल्यास ती सुमारे ०.०९ मिलिसिव्हर्ट होते. म्हणजे पोलोनियमचे उत्सर्जन युरेनियमच्या उत्सर्जनाच्या जेमतेम एक-सप्तमांश असूनही मात्रा तिपटीहून अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सर्व किरणोत्सारी घटकांची मिळून ०.१ मिलिसिव्हर्ट प्रतिवर्ष ही निकष मात्रा धरली आहे.

नमुने घेण्याची पद्धत

नमुन्यांची ठिकाणे निवडताना खाणीच्या वरच्या अंगाची व खालच्या अंगाची अशी दोन्ही ठिकाणे घेतली जातात. भूजलाचा उतार जमिनीच्या उताराप्रमाणेच असेल असे नसते, म्हणून परिसरातील विहिरींची पाणीपातळी मोजून भूजलाची दिशा ठरविली जाते. भारतात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून किमान दोन वेळा नमुने घेणे इष्ट असते. उन्हाळ्यात पाणी आटून घटकांचे प्रमाण वाढू शकते, तर पावसाळ्यात ढिगांवरून व तलावांतून वाहून येणारे पाणी ओढ्यांत मिसळते.

विंधन विहिरीच्या नळीत साचून राहिलेले पाणी जलधरातील पाण्याचे खरे स्वरूप दाखवीत नाही. त्यामुळे सामू व विद्युत वाहकता स्थिर होईपर्यंत पंप चालवून मगच नमुना घेतला जातो. तापमान, सामू, वाहकता व विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजतात.

धातूंच्या तपासणीसाठी नमुना स्वच्छ पॉलिएथिलीनच्या बाटलीत घेऊन नायट्रिक आम्लाने त्याचा सामू २ च्या खाली आणला जातो. तसे न केल्यास युरेनियम, रेडियम व इतर धातू बाटलीच्या भिंतींना चिकटतात व निकाल प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. विरघळलेला अंश मोजायचा असल्यास आम्ल घालण्यापूर्वी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून पाणी गाळले जाते. तथापि, गावकरी पाणी अशा गाळणीतून गाळून पीत नाहीत. गढूळ पाण्यातील बारीक कणांबरोबर धातू व किरणोत्सारी घटक पोटात जात असल्याने गाळलेला व न गाळलेला असे दोन्ही नमुने तपासणे उचित ठरते. क्षारता, सल्फेट व नायट्रेट यांसाठी आम्ल न घातलेला वेगळा नमुना लागतो. रेडॉनसाठी बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून लगेच बंद करतात, कारण तो वायू हवेत निसटतो.

प्रयोगशाळेतील मापन

पाण्यातील युरेनियम मोजण्यासाठी लेसर किंवा एलईडी प्रकाशावर चालणारे प्रतिदीप्तिमापक भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. नमुन्यात सोडियम पायरोफॉस्फेट मिसळल्यावर युरेनिल आयनाची हिरवी प्रतिदीप्ती वाढते आणि तिच्या तीव्रतेवरून प्रमाण काढले जाते. अनेक धातू एकाच वेळी मोजायचे असल्यास प्लाझ्मावर आधारित वस्तुमान वर्णपटमापक वापरतात. समस्थानिक वेगवेगळे मोजण्यासाठी अल्फा वर्णपटमापन केले जाते. रेडियम-२२६ मोजण्यासाठी नमुना काही आठवडे बंद ठेवून त्यातून तयार झालेला रेडॉन मोजण्याची पद्धत प्रचलित आहे.

एकूण अल्फा उत्सर्जनाच्या चाचणीत पाणी आटवून उरलेला क्षार मोजणी यंत्राखाली ठेवतात. क्षारांचा थर जाड झाल्यास अल्फा कण त्यातच शोषले जातात व निकाल कमी येतो. खाण परिसरातील पाण्यात क्षार जास्त असल्याने ही मर्यादा विशेष लक्षात घ्यावी लागते.

मोजणी पद्धतीची शोधमर्यादा मानकापेक्षा बरीच खाली असणे आवश्यक असते. ‘आढळले नाही’ एवढीच नोंद अपुरी असून कोणत्या प्रमाणापर्यंत शोध घेता आला, हेही अहवालात द्यावे लागते. कोरा नमुना, दुहेरी नमुना व प्रमाणित संदर्भ नमुना यांची मोजणी, तसेच प्रत्येक निकालासोबत अनिश्चिततेचा उल्लेख, ही गुणवत्ता नियंत्रणाची मूलभूत अंगे आहेत.

निकालांचा अर्थ लावणे

मर्यादेपेक्षा जास्त युरेनियम आढळले म्हणजे ते खाणीतूनच आले असे सिद्ध होत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या देशव्यापी पाहणीत १८ राज्यांतील १५१ जिल्ह्यांत काही ठिकाणी ३० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक युरेनियम आढळले. त्यांत पंजाब व हरियाणासारखी, युरेनियमची खाण नसलेली राज्येही आहेत. खडकांतील नैसर्गिक युरेनियम, पाण्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण, नायट्रेट आणि भूजलाचा अतिउपसा ही त्याची कारणे मानली जातात. याच न्यायाने, खाणीजवळचे युरेनियम नैसर्गिक आहे असे म्हणण्यासाठीही पुरावा लागतो.

हा प्रश्न सोडविण्यासाठी खाण सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी सर्वांत उपयुक्त असतात. त्या नसल्यास समान खडक असलेल्या, पण खाणीपासून दूरच्या ठिकाणांशी तुलना केली जाते. सल्फेट व मँगनीज हे युरेनियमसोबत वाढलेले दिसल्यास आम्ल वापरणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याकडे संकेत मिळतो. युरेनियम-२३४ व युरेनियम-२३८ यांच्या किरणोत्साराचे गुणोत्तरही मदत करते. धातुकातून रासायनिक प्रक्रियेने सुटलेल्या युरेनियममध्ये ते १ च्या जवळ असते, तर नैसर्गिक भूजलात ते बहुधा १ पेक्षा जास्त असते.

स्रोत कोणता, या प्रश्नावर जबाबदारी व नुकसानभरपाई ठरते. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हा प्रश्न मात्र त्यापासून स्वतंत्र आहे. मर्यादा ओलांडली गेली असल्यास युरेनियम नैसर्गिक असले तरी पर्यायी पाणी पुरविणे आवश्यक असते.

उदाहरणे

जादूगुडा, भारत

जादूगुडा हे झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातील ठिकाण भारतातील पहिल्या युरेनियम खाणीसाठी ओळखले जाते. येथील साठ्याचा शोध १९५१ मध्ये लागला. १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीची स्थापना झाली. पुढे परिसरात भाटिन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, बंदुहुरंग व मोहुलडीह या खाणी सुरू झाल्या. धातुकात युरेनियमचे प्रमाण अत्यल्प असल्याने खोदलेल्या धातुकापैकी जवळजवळ सर्व भाग टाकाऊ गाळ म्हणून उरतो. त्यातील बारीक गाळ डोंगरांमधील बांध घातलेल्या तलावांत साठविला जातो. तलावातील पाण्यावर चुन्याची प्रक्रिया केली जाते आणि बेरियम क्लोराइड मिसळून रेडियम अवक्षेपित केले जाते. प्रक्रिया केलेले पाणी पुढे गुर्रा नदीमार्गे सुवर्णरेखा नदीला मिळते.

परिसरातील पाण्याची नियमित तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्थानिक प्रयोगशाळेमार्फत होते. तलावांभोवतीच्या भूजलातील प्रमाण परिसराच्या नैसर्गिक पातळीच्या आसपास असल्याची कंपनीची व केंद्राची भूमिका आहे. बहुसंख्येने संथाळ, हो व इतर आदिवासी समाजांच्या असलेल्या गावांतील संघटनांनी ही भूमिका मान्य केलेली नाही. कंपनी व तपासणी करणारे केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येत असल्याने स्वतंत्र तपासणीची मागणी होत आली आहे. हा परिसर सिंहभूमच्या तांबेपट्ट्यात असल्याने तेथील खडकांत युरेनियम व जड धातू मुळातच अधिक आहेत. त्यामुळे नैसर्गिक पातळी कोणती धरावी, हाच वादाचा एक मुद्दा ठरतो.

२५ डिसेंबर २००६ रोजी गाळ वाहून नेणारी नळी फुटून गाळ जवळच्या ओढ्यात मिसळला. याविषयीची एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली होती. २०१४ मध्ये झारखंड उच्च न्यायालयाने वृत्तपत्रीय बातम्यांची स्वतःहून दखल घेतली.

नवाहो प्रदेश, अमेरिका

ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत पसरलेल्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशातून १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियम धातुक काढण्यात आले. ५०० हून अधिक खाणी नंतर तशाच सोडून देण्यात आल्या. १६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे गाळाच्या तलावाचा बांध फुटून सुमारे १,१०० टन गाळ व ९.४ कोटी गॅलन (सुमारे ३५ कोटी लिटर) आम्लयुक्त पाणी प्वेर्को नदीत गेले.

अमेरिकेचे संघीय पेयजल मानक किमान १५ जोडण्या किंवा किमान २५ नियमित ग्राहक असलेल्या सार्वजनिक पाणीयोजनांनाच लागू होते. नवाहो प्रदेशातील सुमारे ३० टक्के घरांत नळाचे पाणी नसल्याने अनेक कुटुंबे गुरांसाठी खोदलेल्या, या मानकाच्या कक्षेबाहेरील विहिरींचे पाणी भरत आली. पर्यावरण संरक्षण संस्थेने नवाहो प्रशासनासह अशा २४० स्रोतांची तपासणी केली. त्यांपैकी २९ स्रोतांत युरेनियम किंवा इतर किरणोत्सारी घटक मानकापेक्षा अधिक आढळले. अशा विहिरींवर पाणी न पिण्याच्या सूचना लावण्यात आल्या आणि पर्यायी पाणीपुरवठ्याची कामे हाती घेण्यात आली. नवाहो प्रशासनाने २००५ मध्ये आपल्या प्रदेशात युरेनियम खाणकामावर बंदी घातली.

पाणी अयोग्य आढळल्यास उपाय

युरेनियम पाण्यातून उकळून काढता येत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीन किंवा तुरटीचा घरगुती वापरही भरवशाचा नसतो. व्यस्त परासरण पद्धतीची शुद्धीकरण यंत्रे युरेनियम, रेडियम व बहुतेक क्षार प्रभावीपणे काढून टाकतात. ऋणायन विनिमय पद्धत युरेनिल कार्बोनेटसाठी, तर धनायन विनिमय व चुन्याने मृदूकरण या पद्धती रेडियमसाठी उपयुक्त आहेत. या यंत्रांतून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी व वापरलेली रेझिने यांत युरेनियम व रेडियम एकवटलेले असल्याने त्यांची विल्हेवाट स्वतंत्रपणे लावावी लागते.

ग्रामीण भागात दूषित विहीर बंद करणे, तिच्यावर ठळक सूचना लावणे आणि अन्य स्रोतातून नळाने पाणी पुरविणे हा अधिक टिकाऊ उपाय समजला जातो. पर्यायी स्रोताचीही त्याच घटकांसाठी तपासणी करावी लागते. खाण परिसरात एकाच जलधरावर अनेक विहिरी अवलंबून असू शकतात, त्यामुळे ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा केली जाते.